फाईल म्हणजे एक कागद की अख्खा गठ्ठा?

मुंबईच्या कुठल्याही कचेरीत फाईल म्हटली की पुठ्ठ्याचं कव्हर, आत लेस ओवलेले कागद, एका बाजूला टिपणी आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. सरकारी मराठीत ती नस्ती. संगणकावर मात्र फाईल म्हणजे एकच पत्र किंवा एकच तक्ता, आणि आपण जिला फाईल म्हणत आलो तिचं नाव तिथे फोल्डर. संगणकावर कागद सापडत नाहीत, या तक्रारीचं मूळ मला या अदलाबदलीत दिसतं.

१९९६ साली गिरगावात मी संध्याकाळचे क्लास घेत असे. निवृत्तीला आलेल्या एक हेडक्लार्क बाई यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "सर, फाईल उघडली, पण आत एकच पत्र आहे. बाकीची कुठे गेली?" जन्मभर रेकॉर्ड सांभाळलेल्या बाईंचा प्रश्न बिनचूक होता. दुसऱ्या दिवसापासून मी फोल्डरला 'कव्हर' आणि फाईलला 'कागद' म्हणू लागलो, आणि बाईंनी कव्हरात कव्हर घालून वर्षवार मांडणी स्वतःच लावली.

प्रतिशब्दांनी गुंता वाढवला. कुणी धारिका म्हणतं, कुणी संचिका. दोन्ही शब्दांत धरून ठेवण्याचा, साठवण्याचा अर्थ आहे, म्हणजे पुन्हा गठ्ठाच. आणि ते लावले जातात एका कागदाला. खरं तर मांडणीचे शब्द आपल्या घरातच होते. पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधलेले असत, रुमाल दप्तरात. दप्तर, रुमाल, कागद ही उतरंड संगणकाला चपखल बसली असती, असं मला अजून वाटतं.

यंत्राच्या बाजूनेही शब्द बदलत गेले. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधी संगणक चालवणाऱ्या प्रणालीत, सगळ्या फायली एकाच ढिगात असत; कप्प्यात कप्पा आला १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत. त्याला डिरेक्टरी म्हणत, आणि मुंबईकराला डिरेक्टरी माहीत ती टेलिफोनची. नाव आठ रोमन अक्षरांत, पुढे टिंब आणि फाईलचा प्रकार सांगणारी तीन अक्षरांची शेपटी. विंडोज ९५ ने डिरेक्टरीचं फोल्डर केलं, नावाला २५५ अक्षरांपर्यंत जागा दिली, पण ओळखीच्या प्रकारांची शेपटी लपवली. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. २००० साली प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या व्हायरसने याच लपवाछपवीचा फायदा घेतला.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली आणि असंख्य नस्त्या जळाल्या. कागद संगणकावर आणण्याची निकड त्या दिवशी सगळ्यांना कळली. पुढे सरकारी नस्त्या संगणकावरच हलवणारं ई-ऑफिस रुळलं, आणि त्यात फाईल पुन्हा जुन्या अर्थाने अवतरली: डावीकडे हिरवी टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. तीच खिडकी बंद करून 'डाउनलोड्स' उघडलं की फाईल परत एक कागद. म्हणून साहेबांनी "ती फाईल पाठवा" म्हटलं की कारकुनाला आजही विचारावं लागतं, "अख्खी नस्ती, की नुसतं पत्र?"