गालावरचा लाल आणि खोक्यावरचा आकडा: छोट्या मूर्ती रंगवण्यासाठी दिवा निवडताना

२८ मिलिमीटरच्या मावळ्याचा डोळा उंचीला अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यात पांढरा भरून बुबुळ आणि पापणीची रेघ बसवायची म्हटलं, की सगळे आधी ब्रशच्या मागे लागतात. पण फसलेल्या मूर्ती नीट पाहिल्या तर आखणी बहुतेक वेळा बरी असते, बिनसलेला असतो तो रंग. रात्री ट्यूबखाली तजेलदार वाटलेला चेहरा सकाळी टोमॅटोसारखा लाल निघतो. हा दोष दिव्याचा.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतली चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देते. तिच्यावरचा पिवळट फॉस्फर त्यातला काही शोषून हिरवा, पिवळा, नारिंगी प्रकाश बाहेर टाकतो आणि डोळ्याला ते मिश्रण पांढरं वाटतं. साध्या एलईडी बल्बात हा प्रकाश लालाकडे जाताना झपाट्याने ओसरतो, गडद लाल फारच थोडा उरतो. गेरू, शेंदरी, त्वचेतला तांबूसपणा हे रंग दिसायला नेमका तोच लागतो. तो नसला की गाल मातकट दिसतो, रंगवणारा लाल वाढवत नेतो आणि उन्हात सगळं उघडं पडतं.

दिवा रंग किती खरे दाखवतो हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. तो काढण्याची सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९७४ची पद्धत आठ नमुना-रंगांची सरासरी घेते आणि ते आठही सौम्य रंग आहेत. ठसठशीत लाल हा नववा नमुना, म्हणजे आर९, सरासरीत धरलाच जात नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर९ शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा असू शकतो. रंगकामाला सीआरआय ९०च्या वर आणि आर९ निदान ५० हवा. आर९ खोक्यावर सहसा नसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

मुंबईत विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, बल्ब मागितला तर समोर येतो तो जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेड देणारा, आणि जास्त ताऱ्यांचा. वीजबचतीचे हे तारे वॅटमागे किती ल्युमेन यावर मिळतात. गडद लालाला आपला डोळा कमी संवेदनशील असल्याने दिव्यात लाल वाढवला की तेवढ्याच वॅटमागचे ल्युमेन घटतात. म्हणजे रंगकामाचा चांगला बल्ब ताऱ्यांच्या हिशेबात मागे पडू शकतो. तो जिन्यात लावायचा नाहीये, त्यामुळे हा तोटा खुशाल सोसावा.

रंगतापमान, म्हणजे उजेड पिवळट की निळसर हे सांगणारा आकडा, ४००० ते ५००० केल्विन ठेवावं. २७००च्या पिवळ्या उजेडात फिकट पिवळा पांढऱ्यात विरतो, गडद निळा आणि काळा यांत फरक कळत नाही. दुकानात सर्रास मिळणारा ६५००चा ‘कूल डेलाइट’ केवळ आकड्यामुळे वाईट ठरत नाही, त्याचाही सीआरआयच बघायचा. मात्र मूर्ती शेवटी पिवळ्या दिव्यांच्या मखरात किंवा शोकेसमध्ये जाणार असेल, तर शेवटचा हात देण्याआधी तिथल्यासारख्या दिव्याखाली एकदा धरून बघावी.

दिवा पारखायला पांढऱ्या कार्डावर चार पट्टे ओढावेत: गेरू, त्वचेचा रंग, बाटलीतला तयार तपकिरी आणि लाल-हिरवा मिसळून जुळवलेला तोच तपकिरी. हे कार्ड सकाळी दहाच्या सुमारास उघड्यावरच्या सावलीत बघावं, मग दिव्याखाली. दोन तपकिरी एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसले तर नवल नाही. रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं. दुरुस्तीचं ठिगळ नेमकं यामुळेच उठून दिसतं. म्हणून ठिगळाला पहिल्या थराचाच रंग वापरावा.

उत्तरेच्या खिडकीशी बसावं हा सल्ला युरोपातल्या चित्रकारांचा. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे ढग नसले तर उत्तरेच्या खिडकीतही थेट ऊन येतं. लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतींची लगबग वाढते तेही याच दिवसांत. शिवाय पावसाळ्यात समोरच्या इमारतीवर निळी ताडपत्री चढली की खिडकीतला उजेडही निळसर होतो. पडदा ओढून दिव्यावर काम करणं जास्त भरवशाचं.

उजेड किती? पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. हाताने घड्याळं बनवण्याच्या कामाला युरोपीय मानक १५०० लक्स सांगतं. मूर्तीवर १००० ते १५०० मिळाले की पुरे. ९ वॅटचा बल्ब ४० सेंटीमीटरवरून साधारण ८०० लक्स देतो, ८० सेंटीमीटरवरून जेमतेम २००, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. छतावरची ट्यूब म्हणूनच कमी पडते. भरपूर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली आकसते आणि जवळचं-लांबचं एकाच वेळी जास्त स्पष्ट दिसतं, त्यामुळे नाक आणि कान दोन्ही नजरेत राहतात.

उजव्या हाताने रंगवणाऱ्याने मुख्य दिवा डावीकडून, थोडा पुढून आणि ४५ अंशांवर ठेवावा, म्हणजे ब्रशची सावली टोकावर पडत नाही. दुसरा दिवा उजवीकडे, साधारण निम्म्या जोराचा आणि त्याच रंगतापमानाचा. दोन्ही सारख्या जोराचे ठेवले तर घड्या सपाट दिसतात आणि छटा कुठे द्यायची ते कळत नाही. बल्ब उघडा असेल तर ओल्या रंगावर टोचरी चमक येते. एलईडीपुढे पाचसहा सेंटीमीटरवर ट्रेसिंग पेपर धरला की ती पसरते, सोनेरी मुकुटाची झळाळीही एका ठिपक्यात न अडकता कडेने फिरते. उजेड थोडा घटतो, दिवा तेवढा जवळ घ्यावा. टेबलावर करडा कार्डपेपर अंथरावा. लाल सनमायका असला तर हनुवटीखाली लाल झाक मारते.

घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. दिव्याखाली ब्रश झपझप हलवा: सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुटे सुटे ब्रश दिसले तर दिवा परत करा. मंद करता येणारा दिवा पूर्ण आणि निम्म्या अशा दोन्ही उजेडात तपासा, कारण काही दिवे मंद केल्यावरच लुकलुकतात.

कडेने गोल दिवा असलेलं भिंग डोळ्यांच्या आखणीला उत्तम, पण ते सावल्या पुसतं, म्हणून छटांच्या वेळी त्याचा दिवा बंद ठेवावा. ५ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग सव्वादोन पट मोठं दाखवतं. त्याहून जोरदार घेतलं की ब्रशला जागा उरत नाही. आणि काम झालं की भिंगावर झाकण किंवा फडकं टाकावं. खिडकीतलं ऊन त्यातून एकवटलं तर खालचा कागद पेटू शकतो.