बॅप्टिस्ट स्थानिक मंडळी

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील बॅप्टिस्ट पंथाचा मूळ घटक. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) घेतलेली माणसे एकत्र येऊन अशी मंडळी स्थापन करतात आणि तिचा कारभारही तीच पाहतात. पाळक (मंडळीचा धर्मोपदेशक) नेमायचा की निरोप द्यायचा, नवा सभासद घ्यायचा की नाही, कुणाला वगळायचे, पैसा कशावर खर्चायचा, हे सारे सभासदांच्या सभेत ठरते. वर बिशप नाही, धर्मप्रांत नाही. युनियन, असोसिएशन, कन्व्हेन्शन अशा नावांच्या संघटना पुढे पुष्कळ निघाल्या, पण त्याही मंडळ्यांनीच उभ्या केलेल्या. त्यामुळे या पंथाचा बराचसा इतिहास मंडळ्यांच्या सभावृत्तांच्या वह्यांत दडलेला आहे. त्या वाचताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते : ज्या स्वायत्ततेच्या बळावर या मंडळ्या राजसत्तेपुढे ताठ उभ्या राहिल्या, तिनेच त्यांना आपसांत भांडायलाही मोकळे रान दिले.

सुरुवात इंग्रजांनी केली, पण इंग्लंडबाहेर. लिंकनशायरमधील गेन्झबरो येथील एक गट राजमान्य चर्चपासून फुटून १६०८ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला गेला. जॉन स्मिथ हे त्यांचे पाळक आणि टॉमस हेल्विस हे त्यांचे प्रमुख पाठीराखे. तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला बायबलचा आधार नाही, सबब आपला जुना बाप्तिस्मा रद्दबातल, असा निष्कर्ष स्मिथ यांनी काढला. मग खरा बाप्तिस्मा द्यायला अधिकारी माणूस आणायचा कुठून? १६०९ मध्ये त्यांनी स्वतःच स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून घेतले आणि नंतर हेल्विस व इतरांना बाप्तिस्मा दिला. पुढे त्यांनाच शंका आली की हे काम शेजारच्या मेनोनाइटांकडून (प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारा एक जुना पंथ) करून घ्यायला हवे होते, आणि ते त्या पंथात सामील होण्याच्या खटपटीला लागले. हेल्विस यांनी नकार दिला. पंथाची पहिलीच मंडळी अशी दोन-तीन वर्षांत दुभंगली.

हेल्विस मूठभर सोबत्यांसह १६१२ च्या सुमारास परतले आणि लंडनच्या तटाबाहेर स्पिटलफील्ड्स येथे त्यांनी इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, आणि प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असे स्वहस्ते लिहून त्यांनी आपल्या पुस्तकाची प्रत राजा पहिला जेम्स याच्यासाठी पाठवली. धर्मस्वातंत्र्याची ही मागणी केवळ ख्रिस्ती लोकांपुरती नव्हती. यहुदी, मुसलमान आणि पाखंडी म्हणवले जाणारे यांनाही त्यांनी तीत धरले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. हेल्विस यांची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली आणि १६१६ च्या सुमारास ते निवर्तले.

हेल्विस यांच्या परंपरेतील मंडळ्यांना ‘जनरल बॅप्टिस्ट’ म्हणतात. ख्रिस्ताचे मरण सर्वांसाठी होते असे त्या मानत. दुसरा प्रवाह धर्मसुधारक कॅल्विनच्या मताचा, म्हणजे ख्रिस्ताचे मरण देवाने निवडलेल्यांपुरतेच होते असे मानणारा, ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्ट’. तो लंडनच्या साउथवर्क भागातील एका स्वतंत्र मंडळीतून १६३० च्या दशकात फुटून निघाला. संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत याच प्रवाहात १६४० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. लंडनमधील सात मंडळ्यांनी १६४४ मध्ये मिळून एक विश्वासकबुली छापली. तीत बाप्तिस्मा बुडवूनच द्यावा असे कलम आहे आणि त्याला एक टीप जोडली आहे : देणारा आणि घेणारा दोघांच्याही अंगावर योग्य कपडे असावेत. विरोधकांनी नग्न बाप्तिस्म्याच्या अफवा उठवल्या होत्या, त्यामुळे धर्मतत्त्वांच्या दस्तऐवजात कपड्यांची सोय लावावी लागली.

१६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परतली आणि १६६४ च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेरची धर्मसभा हा गुन्हा ठरला. या काळात मंडळी म्हणजे काय हे ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड मंडळीच्या नोंदींतून जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. १६४० मध्ये डोरोथी हॅझर्ड आणि आणखी चौघे यांच्यापासून ती सुरू झाली. डोरोथीबाईंचे वाणसामानाचे दुकान होते. नाताळ हा सण बायबलबाह्य म्हणून त्या दिवशी भररस्त्यावरचे दुकान उघडे ठेवून त्या शिवणकाम करत बसत. मंडळी आधी नुसती फुटीर होती. बाप्तिस्म्याबाबतचे मत तिने हळूहळू स्वीकारले. छळाच्या दिवसांत या लोकांनी खोलीत पडदा टांगला आणि प्रवचनकाराला पडद्याआड उभे केले, म्हणजे आलेल्या खबऱ्याला बोलणारा कोण हे शपथेवर सांगता येऊ नये. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाट अडवत. शिपाई आत शिरलेच, तर प्रवचन थांबे आणि सगळे एकसुरात स्तोत्र गाऊ लागत; सगळेच गात असताना पकडायचे कुणाला? १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने हा लपंडाव संपला.

बेडफर्डची मंडळी आणखी वेगळी. तिचे पाळक जॉन बन्यन यांनी बारा वर्षे तुरुंगात काढली, पण बाप्तिस्म्यावरून सभासदांत भेद करायला ते तयार नव्हते. बाप्तिस्म्याबाबतचे मतभेद प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या) आड येऊ नयेत हे त्यांचे म्हणणे लंडनच्या बॅप्टिस्ट पाळकांना मुळीच पटले नाही. प्रभुभोजनाला कुणाला बसू द्यायचे, हा वाद पुढे दोनशे वर्षे चालला.

भांडणे तत्त्वांचीच होत असे नाही. लंडनच्या हॉर्स्लीडाउन मंडळीत बेंजामिन कीच यांनी प्रभुभोजनानंतर भजन म्हणण्याची प्रथा पाडली. ज्यांना ते रुचत नसे त्यांनी भजनाआधी उठून जावे, अशी मुभा होती. १६९१ मध्ये दर रविवारी भजन म्हणण्याचा ठराव झाला, तेव्हा अल्पमतातले सभासद मंडळी सोडून गेले. याच मंडळीचे नंतरचे दोन पाळक, जॉन गिल आणि जॉन रिपन, यांनी अनुक्रमे ५१ आणि ६३ वर्षे सेवा केली. १८५४ मध्ये तिने एकोणीस वर्षांच्या चार्ल्स स्पर्जन यांना पाळक म्हणून बोलावले. त्यांच्यासाठी १८६१ मध्ये बांधलेल्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये पाच हजारांवर माणसे मावत.

सभासद होण्याची रीत या जुन्या मंडळ्यांत साधारण सारखीच दिसते. इच्छुकाने सभेपुढे आपला आध्यात्मिक अनुभव सांगायचा, लोकांनी प्रश्न विचारायचे, मग मत घ्यायचे आणि बाप्तिस्मा द्यायचा. सभासद होताना करारावर सही किंवा अंगठा. दुसऱ्या गावी जाणाऱ्याला शिफारसपत्र मिळे, ते तिथल्या मंडळीत दाखवायचे. दारूबाजी, उसनवारी बुडवणे, नवरा-बायकोची मारहाण, सतत गैरहजर राहणे, या साऱ्याची चौकशी सभेत होई. आजच्या वाचकाला हा चोंबडेपणा वाटेल, पण ज्या समाजात नोकर आणि मालक एका बाकावर बसून एकमेकांचा हिशेब मागू शकत, तिथे याला दुसरी बाजूही होती.

अमेरिकेतील पहिली बॅप्टिस्ट मंडळी रॉजर विल्यम्स यांनी १६३८ च्या सुमारास प्रॉव्हिडन्स येथे स्थापन केली. काही महिन्यांतच ते स्वतः तीतून बाहेर पडले. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांचा (राजमान्य चर्चच्या शुद्धीकरणाचा आग्रह धरणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांचा) अंमल होता आणि इंग्लंडमध्ये स्वतः छळ सोसलेल्या या लोकांनी बॅप्टिस्टांना तीच वागणूक दिली. बॉस्टनच्या मंडळीने १६७९ मध्ये सभागृह बांधले. पुढच्या वर्षी सरकारी हुकमाने त्याचे दरवाजे खिळे ठोकून बंद करण्यात आले. व्हर्जिनियात तर स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावरही विनापरवाना प्रवचन केल्याबद्दल पाळक तुरुंगात जात होते. १८०१ मध्ये कनेटिकटमधील डॅनबरी या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या असोसिएशनने राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना पत्र लिहिले. त्याच्या उत्तरात, १ जानेवारी १८०२ रोजी, जेफर्सन यांनी चर्च आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला, आणि तो शब्दप्रयोग अमेरिकी न्यायालयांत आजही उद्धृत होतो.

गुलामांच्या मंडळ्यांचा इतिहास याहून जड आहे. दक्षिण कॅरोलायनातील सिल्व्हर ब्लफ या मळ्यावर १७७३ ते १७७५ च्या दरम्यान गुलामांची मंडळी उभी राहिली. तिच्यातले डेव्हिड जॉर्ज नोव्हा स्कॉशियामार्गे १७९२ मध्ये सिएरा लिओनला गेले आणि तिथे त्यांनी मंडळी स्थापन केली. गुलामीतून मुक्त झालेले जॉर्ज लाइल १७८३ मध्ये जमैकाला गेले. तेही तिथल्या पहिल्या मंडळीचे संस्थापक. म्हणजे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी भारतात पोचण्याआधी दहा वर्षे एक मुक्त झालेला गुलाम परदेशात सुवार्ताकार्य करत होता, ही गोष्ट पंथाच्या रूढ इतिहासलेखनात बराच काळ समासात राहिली. जॉर्जियातील सव्हानाचे गुलाम प्रवचनकार अँड्र्यू ब्रायन यांना धर्मसभा भरवल्याबद्दल फटके खावे लागले, तरी त्यांची मंडळी १७८८ मध्ये रीतसर स्थापन झाली.

दक्षिणेतील गोऱ्यांच्या मंडळ्यांतही गुलाम सभासद होते, बसायचे मात्र वेगळ्या सज्जात. मालकाने नवऱ्याला दूर विकून टाकले तर बायकोला पुन्हा लग्न करता येईल का, असे प्रश्न मंडळ्या असोसिएशनकडे विचारायला पाठवत. प्रश्न विचारणाऱ्या सभेला विक्रीच थांबवावी असे सुचत नसे. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही यावरून १८४५ मध्ये ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळी झाली. यादवी युद्धानंतर काळे सभासद मोठ्या संख्येने बाहेर पडून स्वतःच्या मंडळ्या काढू लागले. या मंडळ्यांचा पाळक आपल्याच लोकांच्या वर्गणीवर जगे. गोऱ्या मालकाला त्याची नोकरी घालवता येत नसे. १९५५ मध्ये माँटगोमेरीतील वर्णभेदाविरुद्धच्या बसबहिष्काराची सूत्रे डेक्स्टर ॲव्हेन्यू मंडळीचे तरुण पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे गेली, त्यामागे हेही एक कारण होते. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील काळ्यांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांनाही या इमारतींचे महत्त्व नेमके कळले होते. त्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या.

युरोपच्या मुख्य भूमीवर योहान गेरहार्ट ऑन्केन आणि इतर सहा जणांनी १८३४ मध्ये हॅम्बर्गजवळ एल्ब नदीत बाप्तिस्मा घेतला. त्या सात जणांच्या मंडळीतून जर्मनीत आणि तिच्या पूर्वेकडे शेकडो मंडळ्या झाल्या.

भारतातली सुरुवात बंगालमधील सेरामपूरची. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून कॅरी व त्यांचे सहकारी डॅनिश वसाहतीत राहिले आणि १८०० मध्ये त्यांनी तिथे मंडळी स्थापन केली. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीत झाला. आसामातून गारो टेकड्यांत हा पंथ गेला तो गारोंच्याच पायांनी : ओमेद आणि रामके या मामा-भाच्यांचा १८६३ मध्ये गुवाहाटीला बाप्तिस्मा झाला आणि चार वर्षांनी राजासिमला येथे मंडळी उभी राहिली. नागा टेकड्यांत १८७२ मध्ये आओ या नागा जमातीची पहिली मंडळी झाली, त्यामागचा प्रचारक गोधुला हा आसामी होता. गावात विरोध वाढला तेव्हा १८७६ मध्ये मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क यांच्यासह ख्रिस्ती कुटुंबांनी मोलुंगयिमसेन हे नवे गाव वसवले. आज नागालँडमध्ये बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत.

तेलुगू प्रदेशातील ओंगोलची मंडळी १८६७ च्या पहिल्या दिवशी आठ सभासदांनी सुरू झाली. पुढे तीत मुख्यतः मादिगा हा दलित समाज आला. १८७६–७८ च्या दुष्काळात तिथले मिशनरी जॉन क्लाव यांनी बकिंगहॅम कालव्याच्या कामाचा ठेका घेऊन हजारोंना मजुरी दिली. अन्नासाठी धर्मांतर होऊ नये म्हणून त्या काळात त्यांनी बाप्तिस्मे थांबवले होते. दुष्काळ सरताच ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. एका वेळी दोघेच उपदेशक पाण्यात उभे राहत, दमले की दुसरे दोघे. असे सहा जण आळीपाळीने दिवसभर उतरत होते. पण बाप्तिस्मा देणे आणि सभासदांची सभा चालवणे या वेगळ्या गोष्टी. इतक्या मोठ्या मंडळीत प्रत्येकाचे मत घेणार कसे, हा प्रश्न उरलाच, आणि कारभाराची दोरी बराच काळ मिशनरींच्या हाती राहिली.

मंडळ्या आणि त्यांच्या संघटना यांचे नाते फिलाडेल्फिया असोसिएशनने घालून दिले. १७०७ मध्ये पाच मंडळ्यांनी मिळून ती काढली. १७४९ मध्ये तिने मान्य केलेल्या निबंधात बेंजामिन ग्रिफिथ यांनी म्हटले की असोसिएशन हे मंडळीवरचे वरिष्ठ न्यायालय नाही. ती फार तर बिघडलेल्या मंडळीशी संबंध तोडू शकते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या प्रचंड मंडळीने स्त्री पाळक नेमल्यावरून सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने केले ते एवढेच. तिने मंडळीला आपल्यातून वगळले. पाळक, इमारत, सभासद यांपैकी कशालाही हात लावण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता.