मिथाइल सेलोसॉल्व्ह आणि मेथॉक्सी प्रोपॅनॉल: एकाच कुळातली दोन सॉल्व्हंट, दोन वेगळे धोके

रंग, छपाईची शाई, लाकडावरचे पॉलिश, कातड्यावरचे फिनिशिंग आणि औद्योगिक क्लीनर यांच्या धंद्यात 'ग्लायकॉल इथर' हे सॉल्व्हंटांचे, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचे, नाव सर्रास घेतले जाते आणि त्या एका नावाखाली निरनिराळे द्रव खरेदी होतात. त्यांपैकी दोन द्रव एकमेकांच्या जागी समजले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. पहिला २-मेथॉक्सिइथेनॉल, म्हणजेच मिथाइल सेलोसॉल्व्ह किंवा ईजीएमई. दुसरा १-मेथॉक्सी-२-प्रोपॅनॉल, म्हणजेच मेथॉक्सी प्रोपॅनॉल, पीएम किंवा पीजीएमई. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था एसीजीआयएच हिने आठ तासांच्या पाळीसाठी हवेतील सरासरी प्रमाणाची जी मर्यादा सुचवली आहे, ती पहिल्यासाठी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि दुसऱ्यासाठी ५० पीपीएम आहे. मर्यादांमध्ये पाचशे पटींचे अंतर असलेल्या या द्रवांची संक्षिप्त नावे मात्र एकाच अक्षराने वेगळी होतात.

डोळ्यांनी पाहून किंवा वास घेऊन हे दोघे ओळखता येत नाहीत. दोन्ही रंगहीन आहेत, दोन्हींना इथरसारखा सौम्य, काहीसा गोडसर वास आहे आणि दोन्ही पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात. पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२४ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्याचा सुमारे १२० अंश असल्यामुळे सुकण्याच्या वेगातही कारागिराला फारसा फरक जाणवत नाही. रेझिन (रंग-शाईतला थर धरणारा राळेसारखा घटक) विरघळवण्याची ताकद दोघांचीही चांगली आहे. म्हणूनच एकाचा तुटवडा पडला की दुसरा वापरण्याचा मोह होतो. मिथाइल सेलोसॉल्व्हच्या जागी मेथॉक्सी प्रोपॅनॉल वापरणे हा जगभर स्वीकारला गेलेला, शहाणपणाचा बदल आहे. उलट दिशेने झालेला बदल मात्र कामगाराच्या रक्तावर, प्रजननक्षमतेवर आणि त्याच्या होणाऱ्या मुलांवर बेतू शकतो.

एवढा फरक का पडतो, याचे उत्तर रेणूच्या रचनेत आहे आणि ते सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. मिथाइल सेलोसॉल्व्हमध्ये हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) साखळीच्या टोकाच्या कार्बनवर असतो. शरीरात शिरल्यावर यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे आधी अल्डिहाइडमध्ये रूपांतर करते आणि पुढच्या पायरीवर त्यापासून मेथॉक्सिअॅसेटिक आम्ल तयार होते. खरी इजा हे आम्ल करते. ज्या पेशी वेगाने विभागत असतात त्यांना, म्हणजे वृषणातील शुक्राणू घडवणाऱ्या पेशींना, अस्थिमज्जेला आणि गर्भाला त्याचा सर्वाधिक फटका बसतो. शिवाय माणसाच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७७ तास, म्हणजे तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. सोमवारी शरीरात गेलेल्या अंशापैकी बराचसा भाग गुरुवारीही आत असतो आणि त्यात रोज नवी भर पडत जाते. एका दिवसाच्या हवेच्या मोजणीवरून आठवड्याच्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही, ते यामुळेच.

मेथॉक्सी प्रोपॅनॉलमध्ये हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनवर असतो आणि अशा दुय्यम अल्कोहोलपासून तसे आम्ल बनू शकत नाही. शरीर त्याचा मिथाइल गट काढून टाकते, उरलेल्या भागाचे प्रोपिलीन ग्लायकॉल होते आणि त्यातला मोठा हिस्सा पुढे कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. मात्र येथे एक गोष्ट खरेदी विभागाने लक्षात ठेवायलाच हवी. मेथॉक्सी प्रोपॅनॉल तयार होताना २-मेथॉक्सी-१-प्रोपॅनॉल हा त्याचा बीटा समघटकही (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेला रेणू) थोडा तयार होतो. त्यात हायड्रॉक्सिल गट टोकाला असल्यामुळे त्याच्यापासून मेथॉक्सिप्रोपिऑनिक आम्ल बनते, आणि युरोपीय महासंघाने या समघटकाची गणना गर्भाला अपाय करणाऱ्या रसायनांत केली आहे. चांगल्या प्रतीच्या मालात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी राखलेले असते. ते किती आहे हे पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर लिहिलेले नसेल, तर विचारून लेखी घ्यावे.

मिथाइल सेलोसॉल्व्हचा अपाय प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरता नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत शर्टांच्या ताठ कॉलर तयार करताना कापडाचे थर चिकटवण्यासाठी हे सॉल्व्हंट वापरले जात होते आणि तेथील कामगारांमध्ये गुंगी, थरथर, वागण्यातला बदल आणि रक्तक्षय अशी लक्षणे आढळली. न्यूयॉर्कमधील अशा कामगारांची तपासणी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून वृषणावरील परिणाम स्पष्टपणे दाखवला. पुढे जहाजबांधणीतील रंगाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्या घटल्याचे दिसले, तर इथिलीन कुळातील (मिथाइल सेलोसॉल्व्हच्या गटातील) ग्लायकॉल इथर वापरणाऱ्या अमेरिकेतील सेमीकंडक्टर कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण वाढल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या अभ्यासांत आढळले. त्या उद्योगाने नंतर प्रोपिलीन कुळातील (मेथॉक्सी प्रोपॅनॉलच्या गटातील) सॉल्व्हंटांकडे मोर्चा वळवला. हे सगळे माहीत असताना, केवळ दर कमी आहे म्हणून मिथाइल सेलोसॉल्व्हला थिनरमध्ये जागा देणे मला समर्थनीय वाटत नाही.

मिथाइल सेलोसॉल्व्हबाबत दोन गैरसमज विशेष घातक आहेत. पहिला असा की वास आला नाही म्हणजे हवा ठीक आहे. माणसाला याचा वास साधारण दोन पीपीएमच्या आसपास जाणवू लागतो, म्हणजे मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली गेल्यानंतरच. दुसरा असा की मास्क लावला की काम झाले. हा द्रव त्वचेतून झपाट्याने शोषला जातो आणि नुसती वाफही उघड्या त्वचेतून आत जाते. स्वयंसेवकांवरील मोजणीत संपूर्ण शरीर वाफेत असताना एकूण शोषणाचा जवळपास निम्मा वाटा त्वचेचा असल्याचे दिसले आहे. चिंधी भिजवून उघड्या हाताने छपाईचा रोलर पुसणाऱ्या माणसाला तोंडावरचा मास्क फारसे वाचवू शकत नाही. पातळ नायट्राइलचे वापरून फेकायचे हातमोजेही येथे पुरत नाहीत. ब्युटाइल रबराचे, मनगटाच्या बरेच वरपर्यंत येणारे मोजे लागतात आणि द्रव आत गेला असेल तर ते लगेच बदलावे लागतात.

आगीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. मिथाइल सेलोसॉल्व्हचा प्रज्वलनांक (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) सुमारे ३९ अंश आहे, तर मेथॉक्सी प्रोपॅनॉलचा सुमारे ३१ ते ३२ अंश. तारापूर किंवा महाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यातल्या कोणत्याही दुपारी द्रवाचे तापमान ३२ च्या वर सहज जाते आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दोन्ही द्रव प्रज्वलनांकाच्या पलीकडेच असतात. त्या वेळी उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेऊ शकणारी वाफ तयारच असते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून 'सुरक्षित सॉल्व्हंट' आणले या समाधानात अर्थिंग, ज्वालारोधक विद्युत फिटिंग आणि खालच्या पातळीवरचा एक्झॉस्ट यांकडे दुर्लक्ष झाले, तर कारखान्याने एक धोका घालवून दुसरा वाढवलेला असतो. ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून ड्रममधून प्लास्टिकच्या बादलीत माल ओतण्याची सवय मोडून धातूचे, ड्रमशी तारेने जोडलेले भांडे वापरावे. दोन्ही द्रव पाण्यात मिसळणारे असल्याने साधा फोम त्यांच्या आगीवर टिकत नाही. अल्कोहोलरोधक फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड हाताशी हवा.

मेथॉक्सी प्रोपॅनॉलची वाफ जास्त झाली तर डोळे चुरचुरतात, डोके दुखते आणि गुंगी येते. बंद टाकीत उतरणाऱ्यासाठी ती गुंगीच प्राणघातक ठरू शकते. हवा आणि उजेड यांच्या संपर्कात दीर्घकाळ राहिल्यास दोन्ही इथरांमध्ये पेरॉक्साइड, म्हणजे तापवल्यास स्फोट होऊ शकणारी संयुगे, तयार होण्याची शक्यता असते. त्यामुळे फुटलेल्या सीलचा जुना ड्रम थेट सॉल्व्हंट रिकव्हरीला चढवू नये. आधी पेरॉक्साइडची चाचणी करावी आणि ऊर्ध्वपातन करताना भांडे कोरडे पडेपर्यंत तापवू नये.

माल दारात आल्यावर ओळख पटवण्यासाठी ब्रँडच्या नावावर विसंबू नये. मिथाइल सेलोसॉल्व्हचा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक) १०९-८६-४ आणि संयुक्त राष्ट्रांचा वाहतूक क्रमांक ११८८ आहे. मेथॉक्सी प्रोपॅनॉलचे क्रमांक अनुक्रमे १०७-९८-२ आणि ३०९२ आहेत. जागतिक पद्धतीच्या लेबलवर ज्वाळेचे चिन्ह दोघांवरही असते, पण छातीवर चांदणीसारखी भेग असलेली मानवाकृती मिथाइल सेलोसॉल्व्हवर असते, तर मेथॉक्सी प्रोपॅनॉलवर केवळ उद्गारचिन्ह. लेबल फाटले असेल तर हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन) प्राथमिक इशारा देतो, कारण २० अंशांना पहिल्याची घनता सुमारे ०.९६५ आणि दुसऱ्याची सुमारे ०.९२ असते. मिश्रण केलेल्या मालात हा इशारा फसवा ठरतो. तेथे गॅस क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीला) पर्याय नाही. तयार थिनरसोबत घटक न सांगणारे सुरक्षा माहितीपत्रक आले, तर तो माल स्टोअरमध्ये घेऊ नये.

मिथाइल सेलोसॉल्व्ह टाळताच येत नसेल तेथे काम बंदिस्त यंत्रणेत करावे, गर्भवती स्त्रियांना त्यापासून पूर्णपणे दूर ठेवावे आणि पुरुषांनाही तितकाच धोका आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे. ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी आणि आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर लघवीतील मेथॉक्सिअॅसेटिक आम्ल मोजावे. एसीजीआयएचचा निर्देशांक लघवीतील क्रिएटिनिन (स्नायूंतून नेहमी बाहेर पडणारा टाकाऊ घटक) या पदार्थाच्या प्रति ग्रॅममागे १ मिलिग्रॅम आहे. कोणताही सांडलेला द्रव वाळूने किंवा व्हर्मिक्युलाइटने टिपून झाकणबंद धातूच्या पिंपात घालावा आणि घातक कचरा म्हणून पाठवावा. पाण्याने धुऊन गटारात सोडल्यास दोन्ही द्रव पूर्णपणे विरघळून जातात आणि तेल वेगळे करण्याच्या टाकीत अडकत नाहीत.