आईच्या मांडीवर वाचलेले दुःख

‘श्यामची आई’ मुलांना वाचून दाखवावी, परंतु आईच्या मृत्यूपाशी येण्याआधीच थांबावे, असा सल्ला देणारे पालक मला वरचेवर भेटतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील मरण कोवळ्या मनाला सोसवणार नाही, ही त्यांची काळजी खरी असली तरी तिच्यामागचा समज अपुरा आहे. मृत्यूनंतर कोणी परत येत नाही आणि तो प्रत्येकाला येतो, हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगू लागते; पुस्तक ती बातमी प्रथमच देत नसते.

खरा प्रश्न त्या क्षणी मेंदूत काय घडते, हा आहे. मेंदूत खोलवर, कानशिलांच्या आतल्या बाजूस अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका जाणवताच तो हायपोथॅलॅमस या मेंदूच्याच दुसऱ्या भागाला इशारा देतो, तेथून पिट्यूटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत निरोप जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. अमिग्डलाला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग विशी उलटेपर्यंत पक्व होत राहतो. मग सहा वर्षांच्या मुलाला आवर घालते कोण? याचे मला विलक्षण वाटणारे उत्तर २०१४ साली मानसशास्त्रज्ञ डिलन गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले. आईचे छायाचित्र पाहताना चार ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये अमिग्डलाची प्रतिक्रिया मंदावली आणि तिचा प्रीफ्रंटल भागाशी असलेला संबंध अधिक प्रौढ वळणाचा झाला. किशोरवयीनांमध्ये मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे स्वतःचा लगाम तयार होईपर्यंत मूल जवळच्या माणसाचा लगाम जणू उसना घेते.

दचकलेल्या मुलाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली की ते शांत होते, असे आपण पाहतो. त्याला शांतवते ती पोटाशी धरणारी आजी. मोहरीत तसा कोणताही गुण नाही. ‘मेंदूविकासा’च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गुळगुळीत, अश्रूहीन गोष्टींच्या संचांनाही मी याच कसोटीवर नाकारतो: मुलाला सावरते ते जवळचे माणूस, वस्तू नव्हे.

गी यांचा प्रयोग पुस्तकांवर झालेला नव्हता, त्यामुळे पुढचे अनुमान माझे आहे: दुःखद प्रसंग पुस्तकात असावा, मात्र लहान वयात तो मोठ्यांच्या सोबतीने वाचला जावा. चित्रांबाबत मी अधिक सावध राहीन, कारण चार-पाच वर्षांचे मूल कथेतील धोक्यापेक्षा भयंकर दिसणाऱ्या रूपाला अधिक घाबरते. छापील मजकुराची सोय अशी की वाचणारा हवे तेथे थांबू शकतो. मुलाने ‘पुढे नको’ म्हटले तर त्या पानावर खूण ठेवावी, पुस्तक मिटावे आणि दिवा मालवण्याची घाई न करता त्याच्याजवळ बसून राहावे.