वलगणीच्या माशांची मोजदाद

बंधारा काढल्यावर किंवा त्याचे दरवाजे उघडल्यावर मासे पुन्हा नदीत वर चढतात का, हे वर्षानुवर्षे पाहून नोंदवण्याची पद्धत. तळकोकणात ज्यांना ‘चढणीचे’ म्हणतात, तेच ठाण्याकडचे ‘वलगणीचे’ मासे. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की उल्हास, काळू, भातसा या नद्यांतले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि थेट भातखाचरांत शिरतात, अंडी घालायला. त्या रात्री बांधाच्या तोंडाशी बॅटरी मारली, तर वीतभर पाण्यात पाठ उघडी टाकून सरपटणारे मासे दिसतात. मादीचे पोट गाभोळीने टम्म असते. ही रात्र कोणती, हे कोळी, आगरी आणि कातकरी माणसांना पंचांगाआधी कळते. म्हणून मोजणीची सुरुवात त्यांना विचारूनच व्हायला हवी.

खाडीशी नाते असलेल्या जिवांची गोष्ट वेगळी. जिताडा मासा गोड्या-निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांनाही निमखारे पाणी लागते. बंधारा अशांची येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटा तोडतो. उल्हासवर मोहने आणि बदलापूर इथे बंधारे आहेत. बदलापूरचा तर वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेला.

मोजणी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि दरवर्षी एकाच जागी करावी. वाट उघडण्याआधीची नोंद नसेल, तर पुढची मोजणी कशाशी ताडून पाहणार? पाऊस, भरती-ओहोटी आणि पाण्यातला प्राणवायूही टिपावा लागतो. कारण वालधुनी किंवा तळोज्याच्या कासाडीसारख्या नदीत घाण पाण्याचा पट्टाच बंधाऱ्याचे काम करतो. एका रात्री चार मासे दिसले म्हणजे नदी उघडली, असे म्हणता येत नाही. श्रावणात खाचरात पिल्ले सापडली, तर ती नोंद खरी मोलाची.

अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणे हटवण्याचे काम 2024 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच ऑक्टोबरात सामन मासे जुन्या धरणांच्या वर दिसले. तिथे ध्वनिलहरींच्या कॅमेऱ्यांनी मासे मोजतात. उलट 1975 मध्ये सुरू झालेल्या फरक्का बंधाऱ्यामुळे गंगेतली हिलसा माशाची वरची वाट अडली.

मासा कुठून आला, हे त्याच्या कानातल्या खड्यावरूनही कळते. झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वलये असतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम सहसा नदीपेक्षा जास्त असते, आणि ते वलयागणिक साठत जाते. कल्याणच्या वर मिळालेल्या जिताड्याचा खडा कापला, तर तो मासा खाडीतून चढून आला की तळ्यातून वाहून आला, हे त्यावरून ओळखता येते.