गव्हर्नरांवरील राष्ट्रीय राजकीय हल्ले (ब्राझील)

ब्राझीलमध्ये घटक राज्याच्या निवडून आलेल्या गव्हर्नरला राष्ट्राध्यक्ष, लष्करी वरिष्ठ, प्रतिस्पर्धी पक्ष किंवा देशव्यापी प्रसारमाध्यमे लक्ष्य करतात, त्या जुन्या राजकीय प्रथेविषयीची ही नोंद आहे. ब्राझील हे २६ राज्ये आणि एक संघीय जिल्हा यांचे संघराज्य आहे. तिथला गव्हर्नर केंद्राने नेमलेला नसतो. चार वर्षांसाठी त्याला लोक थेट मतदानाने निवडतात आणि राज्याचे पोलीस, शाळा, रुग्णालये व मुख्य विक्रीकर त्याच्या अखत्यारीत येतात. त्याचे काम आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या कामाशी जुळते, मात्र विधिमंडळातले बहुमत गेले म्हणून त्याचे पद जात नाही.

राष्ट्रीय नेत्यांना गव्हर्नरची धास्ती वाटते ती त्याच्या पुढच्या वाटचालीमुळे. वॉशिंग्टन लुईस, जुसेलिनो कुबिचेक, जानियो क्वाद्रोस, फर्नांडो कॉलर हे सगळे आधी राज्याचे प्रमुख होते आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाले. साओ पाउलो, मिनास जेराइस किंवा रिओचा लोकप्रिय गव्हर्नर हा पुढच्या निवडणुकीतला उमेदवार आहे, असे गृहीत धरूनच राजधानीतली माणसे त्याच्याकडे पाहतात. त्याला नमवण्याचे मार्ग काळानुसार बदलत गेले. आधी सैन्य आणि बंडखोरांना दिलेली छुपी मदत, मग निधीची कोंडी, आणि अलीकडे दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे. यांतून जे गव्हर्नर तगले, त्यांच्याकडे बहुधा केंद्रावर अवलंबून नसलेले एखादे साधन होते. केवळ वक्तृत्वाच्या किंवा लोकप्रियतेच्या बळावर तगलेले फारसे आढळत नाहीत.

१८८९ साली प्रजासत्ताक आल्यावर राष्ट्राध्यक्ष काम्पोस सालेस (१८९८–१९०२) यांनी एक तडजोड बसवली होती. राज्यांतल्या सत्ताधारी घराण्यांना केंद्राने हात लावायचा नाही आणि त्या बदल्यात त्यांनी काँग्रेसमध्ये (राष्ट्रीय संसदेत) राष्ट्राध्यक्षाला पाठिंबा द्यायचा. या व्यवस्थेत साओ पाउलो आणि मिनास जेराइस यांचे वर्चस्व होते. जे छोटे राज्य ही चौकट मोडील, त्याला किंमत मोजावी लागे. ईशान्येकडील पाराइबा राज्याने ती १९३० साली मोजली.

पाराइबाचे प्रमुख जोआओ पेसोआ (तेव्हा या पदालाही ‘प्रेसिडेंट’ म्हणत) हे माजी राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांचे भाचे. जुलै १९२९ मध्ये त्यांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लुईस यांच्या वारसदाराला, म्हणजे साओ पाउलोच्या जुलियो प्रेस्तेस यांना, पाठिंबा द्यायचे नाकारले. पुढे राष्ट्राध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार गेतुलियो वार्गास यांच्याबरोबर ते उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मार्च १९३० च्या मतदानात ही जोडी हरली. पाराइबातून निवडून आलेल्या विरोधी प्रतिनिधींना काँग्रेसने मान्यताच दिली नाही. त्याच सुमारास राज्याच्या अंतर्भागात प्रिन्सेसा या गावी जोझे पेरेरा या जमीनदार सरदाराने उठाव केला. त्याचे मूळ स्थानिक होते. शेजारच्या राज्यातल्या रेसिफे बंदरामार्गे खुष्कीने येणाऱ्या मालावर पेसोआंनी जबर कर बसवला होता आणि त्यात पेरेरासारख्यांचा व्यापार बुडत होता. पण उठाव महिनोन्‌महिने चालला तो केंद्राच्या वागण्यामुळे. राज्य सरकारला शस्त्रे मिळू नयेत याची रिओतल्या (तेव्हाच्या राजधानीतल्या) केंद्र सरकारने काळजी घेतली. कुठल्याही राज्यातली खरीखुरी खदखद शोधून तिला बळ पुरवायची ही पद्धत ब्राझीलमध्ये नंतरही दिसत राहिली.

२६ जुलै १९३० रोजी रेसिफेतल्या एका मिठाईच्या दुकानात पेसोआंवर गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी जोआओ दांतास हा राजकीय विरोधक होता, आणि त्याची खासगी कागदपत्रे पोलिसांनी धाड घालून जप्त करून चव्हाट्यावर आणल्याचा राग त्याच्या मनात होता. केंद्राने हा खून करवला, असे म्हणायला आधार नाही. मात्र लोकांनी दोष केंद्रालाच दिला. पेसोआंचे पार्थिव जहाजाने राजधानी रिओला नेले तेव्हा ती अंत्ययात्रा वॉशिंग्टन लुईस यांच्याविरुद्धची निदर्शने ठरली. ऑक्टोबरमध्ये सशस्त्र क्रांती झाली आणि वार्गास सत्तेवर आले. पाराइबाच्या राजधानीला आजही जोआओ पेसोआ हे नाव आहे आणि राज्याच्या लाल-काळ्या ध्वजावर पेसोआंच्या नकाराची आठवण म्हणून ‘नेगो’ (मी नाकारतो) हा शब्द आहे.

सत्ता मिळाल्यावर वार्गास यांनीही राज्यांचे प्रमुख हटवून आपली माणसे नेमली. त्याविरुद्ध साओ पाउलोने ९ जुलै १९३२ रोजी बंड केले आणि सुमारे तीन महिन्यांत ते मोडले गेले.

पुढचा मोठा प्रसंग १९६१ चा. २५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जानियो क्वाद्रोस यांनी अचानक राजीनामा दिला. उपराष्ट्राध्यक्ष जोआओ गुलार्त तेव्हा चीनच्या दौऱ्यावर होते. त्यांना पदावर बसू द्यायचे नाही, असे तिन्ही सेनादलांच्या मंत्र्यांनी ठरवले. गुलार्त यांचे मेहुणे लिओनेल ब्रिझोला हे दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुलचे गव्हर्नर होते. पोर्तो आलेग्रेतल्या पिरातिनी राजवाड्यात त्यांनी राज्याचे पोलीस दल तैनात केले, ग्वाइबा नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले आणि राजवाड्याच्या तळघरातून रात्रंदिवस भाषणे प्रसारित केली. एकेक करत शेकडाभर केंद्रे या साखळीत जोडली गेली. राजवाड्यावर बाँब टाकण्याचा हुकूम निघाला होता. पण जवळच्या कानोआस हवाई तळावरच्या सार्जंटांनी विमाने उडूच दिली नाहीत. दक्षिणेतल्या तिसऱ्या सैन्याचे प्रमुख जनरल माशादो लोपेस यांनीही अखेर गव्हर्नरची बाजू घेतली. तडजोड म्हणून राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी करणारी संसदीय पद्धत आणली गेली आणि ७ सप्टेंबरला गुलार्त यांनी शपथ घेतली. राज्याच्या प्रमुखाने लष्कराच्या वरिष्ठांना राज्यघटना पाळायला लावल्याचा हा प्रसंग ब्राझीलच्या इतिहासात फार मोलाचा आहे. तो ‘वैधतेची मोहीम’ म्हणून ओळखला जातो.

हे यश तीन वर्षेही टिकले नाही. १९६४ च्या लष्करी उठावात पर्नाम्बुकोचे गव्हर्नर मिगेल अराइस यांनी राजीनामा द्यायचे नाकारले. त्यांना पदच्युत करून अटक झाली. ब्रिझोला परागंदा झाले ते १९७९ च्या सर्वक्षमेनंतर परतले. १९८२ साली गव्हर्नरांच्या थेट निवडणुका पुन्हा सुरू झाल्या आणि ते रिओ दी जानेरोमधून उभे राहिले. मतमोजणीचे संगणकीय काम प्रोकन्सल्ट नावाच्या कंपनीकडे होते. तिचे आकडे ब्रिझोलांच्या विरोधात झुकत होते, तर एका नभोवाणी केंद्राने स्वतंत्रपणे केलेली मोजणी त्यांना पुढे दाखवत होती. ब्रिझोलांनी परदेशी पत्रकारांसमोर जाहीर आरोप केला आणि शेवटी विजय त्यांचाच झाला. दोन वेगवेगळ्या राज्यांत गव्हर्नर म्हणून निवडून आलेला हा एकच ब्राझिलियन नेता. ग्लोबो या बलाढ्य माध्यमसमूहाशी मात्र त्यांचे वैर कायम राहिले. १९९२ मधल्या एका मानहानिकारक बातमीवर ते न्यायालयात गेले. १५ मार्च १९९४ रोजी ग्लोबोच्या मुख्य बातमीपत्रात निवेदक सिद मोरेरा यांना ब्रिझोलांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, ग्लोबोवरच्या टीकेसह, वाचून दाखवावे लागले.

१९८८ च्या राज्यघटनेने राज्यांना स्वायत्तता दिली आणि केंद्राच्या हस्तक्षेपाला कडक अटी घातल्या. तेव्हापासून हल्ले मुख्यतः पैसा आणि प्रचार या दोन अंगांनी होऊ लागले. राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांच्या कारकिर्दीत (२०१९–२२) दोन्ही एकत्र आले. जुलै २०१९ मध्ये मायक्रोफोन चालू असल्याचे भान न राहून ते आपल्या मंत्र्याला सांगताना ऐकू आले की ईशान्येच्या गव्हर्नरांमध्ये मरान्याओचा सर्वांत वाईट आहे आणि त्याला काही द्यायचे नाही. त्यांनी वापरलेला शब्द ईशान्येच्या लोकांना हिणवणारा होता. मरान्याओचे गव्हर्नर फ्लाव्हियो दिनो तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये इंधन महागल्याचा ठपका राज्यांच्या विक्रीकरावर ठेवून बोल्सोनारोंनी गव्हर्नरांना जाहीर आव्हान दिले, की तुम्ही कर शून्यावर आणा, मीही आणतो. तो कर हा राज्यांच्या उत्पन्नाचा कणा आहे. तो सोडणे कुणालाच शक्य नव्हते आणि आव्हान देणाऱ्यालाही हे ठाऊक होते.

सर्वांत कडवा संघर्ष साओ पाउलोचे गव्हर्नर जोआओ दोरिया यांच्याशी झाला. देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या आणि जवळपास एक तृतीयांश अर्थव्यवस्था या राज्यात आहे. उद्योजक आणि दूरचित्रवाणीवरचे सूत्रसंचालक असलेले दोरिया २०१८ च्या दुसऱ्या फेरीत ‘बोल्सोदोरिया’ या घोषणेवर, म्हणजे बोल्सोनारोंच्याच लाटेवर, थोडक्यात निवडून आले होते. त्यामुळे पुढे दोरियांनी घेतलेला अंतराचा पवित्रा अनेकांना संधिसाधू वाटला, आणि तो आक्षेप निराधार नव्हता. पण करोनाच्या साथीत त्यांनी केलेल्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही.

२४ मार्च २०२० रोजी साओ पाउलोत टाळेबंदी सुरू झाली. त्याच रात्री राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात बोल्सोनारोंनी आजाराला किरकोळ फ्लू ठरवून गव्हर्नरांवर तोफ डागली. दुसऱ्या दिवशीच्या दूरस्थ बैठकीत दोरियांनी या भाषणाचा निषेध केला, तेव्हा तुमच्या डोक्यात राष्ट्राध्यक्षपद शिरले आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्वाळा दिला की साथ रोखण्याचे उपाय योजण्याचा अधिकार राज्ये आणि नगरपालिकांनाही आहे. आठवडाभरात, २२ एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीत, बोल्सोनारोंनी दोरिया आणि रिओचे गव्हर्नर विल्सन विट्झेल यांना अक्षरशः शेणाची उपमा दिली. न्यायालयाच्या आदेशाने त्या बैठकीचे चित्रीकरण मे महिन्यात खुले झाले आणि साऱ्या देशाने ते पाहिले.

दोरियांकडे बुतांतान संस्था होती. १९०१ मध्ये स्थापन झालेली, सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी नावाजलेली ही संस्था साओ पाउलो राज्याच्या मालकीची आहे. ११ जून २०२० रोजी चीनच्या सिनोव्हॅक कंपनीशी तिचा करार झाला आणि जुलैत कोरोनाव्हॅक लशीच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. संस्थेचे संचालक दिमास कोव्हास यांनी नंतर सिनेटच्या चौकशी समितीपुढे सांगितले, की जुलै २०२० मध्येच त्यांनी केंद्राला ६ कोटी मात्रा देऊ केल्या होत्या. २० ऑक्टोबरला आरोग्यमंत्री एदुआर्दो पाझुएलो यांनी गव्हर्नरांच्या बैठकीत ४.६ कोटी मात्रा विकत घेत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी बोल्सोनारोंनी ती ‘दोरियांची चिनी लस’ ठरवून खरेदी रद्द केली. नोव्हेंबरमध्ये एका स्वयंसेवकाच्या मृत्यूनंतर औषध नियामकाने चाचणी थांबवली. मृत्यूचा लशीशी संबंध नव्हता आणि दोनच दिवसांत चाचणी पुन्हा सुरूही झाली. पण मधल्या वेळात राष्ट्राध्यक्षांनी हा आपला आणखी एक विजय असल्याचे समाजमाध्यमावर लिहून टाकले होते. माणसे मरत असताना लशीच्या अडचणीत विजय पाहणे, हा या संघर्षातला सर्वांत लाजिरवाणा क्षण होता.

दोरियांच्या सरकारनेही प्रसिद्धीच्या घाईत चूक केली. ७ जानेवारी २०२१ रोजी लशीची परिणामकारकता ७८ टक्के असल्याचे सांगितले गेले. पाच दिवसांनी एकूण आकडा ५०.३८ टक्के निघाला आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले.

इथे पुण्याचा संबंध येतो. केंद्राची भिस्त ऑक्सफर्ड–अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीवर होती आणि तिच्या पहिल्या २० लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडून यायच्या होत्या. त्यासाठी मुंबईला यायचे विमान सज्ज होते, पण भारताकडून होकार न आल्याने ते ऐनवेळी थांबवावे लागले. १७ जानेवारीला नियामकाने दोन्ही लशींना तातडीच्या वापराची परवानगी दिली आणि काही मिनिटांतच साओ पाउलोत दोरियांच्या उपस्थितीत एका परिचारिकेला कोरोनाव्हॅकची मात्रा टोचली गेली. ही ब्राझीलमधली चाचण्यांबाहेरची पहिली लस. पाझुएलोंनी याला प्रसिद्धीचा डाव म्हटले. तरीही दुसऱ्या दिवशी देशभर सुरू झालेली मोहीम बुतांतानच्याच मात्रांवर चालली, कारण दुसरी लस हाती नव्हती. पुण्याच्या मात्रा २२ जानेवारीला पोहोचल्या. तेव्हा बोल्सोनारोंनी संजीवनीचा पर्वत घेऊन उडणाऱ्या हनुमंताचे चित्र टाकून भारताचे आभार मानले. बुतांतानने केंद्राला द्यायच्या १० कोटी मात्रा सप्टेंबर २०२१ पर्यंत पूर्ण केल्या.

मतपेटीत मात्र दोरियांना याचे फळ मिळाले नाही. सततच्या हल्ल्यांनी बोल्सोनारोंचे समर्थक त्यांच्यापासून कायमचे तुटले, आणि ‘बोल्सोदोरिया’ न विसरलेले डावे मतदार त्यांच्याकडे वळले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी आपल्या पीएसडीबी पक्षाची उमेदवारीची अंतर्गत निवडणूक जिंकली, मार्च २०२२ अखेर गव्हर्नरपदही सोडले. पण पक्षातूनच पाठिंबा न मिळाल्याने २३ मे २०२२ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. ३० ऑक्टोबरला बोल्सोनारो माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांच्याकडून दोन टक्क्यांहून कमी फरकाने हरले. त्याच दिवशी साओ पाउलोत त्यांचेच माजी मंत्री तार्सिसियो दे फ्रेइतास गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि १९९५ पासून तिथे चाललेली पीएसडीबीची सत्ता संपली.