ट्रॅकबाहेरची झाडं

संगणकावरच्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी नुसता डांबरी पट्टा आणि वर आकाश, एवढाच ट्रॅक बनवून त्यावर गाडी पळवून पाहा. काटा ताशी १८० किलोमीटर दाखवतो, गाडी मात्र रांगतेय असं वाटतं. कडेला चार झाडं, एक कुंपण आणि लांबवर डोंगर ठेवला की तोच वेग अंगावर येतो. गाडीच्या गणितात काहीच बदललेलं नसतं.

एसटीच्या खिडकीतून हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जवळचे खांब सटासट मागे पडतात, पलीकडचं शेत सावकाश फिरतं आणि चांदोबा तर गाडीबरोबरच येतो. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. या वेगात ५ मीटरवरचं झाड अगदी बाजूला येतं, तेव्हा ते सेकंदाला सुमारे ५७० अंश या दराने सरकत असतं. २ किलोमीटरवरचा डोंगर जेमतेम दीड अंश. या फरकावरून मेंदू वेग आणि अंतर ताडतो. ब्रेक कुठे दाबायचा हेही चालक बऱ्याचदा एखादी पाटी नाहीतर झाड धरूनच ठरवतो. त्यामुळे देखाव्याला सजावट म्हणणं मला पटत नाही. ती चालकाची मोजपट्टी आहे.

इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीने २०१४ मध्ये आणलेल्या ‘असेटो कोर्सा’ या शर्यतीच्या गेममध्ये हा देखावा वेगळ्या थरात चढवता येतो. ट्रॅकचं मॉडेल, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, ‘केएन५’ प्रकारच्या फाइलमध्ये असतं आणि अशा कितीतरी फाइलींची नावं ‘मॉडेल्स’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतात. गेम त्या सगळ्या एकत्र मांडतो. मूळ रस्त्याला हात लावावा लागत नाही. थर नकोसा झाला तर त्या ओळी काढून टाकायच्या. यात एक गंमत आहे. ज्या वस्तूच्या नावाची सुरुवात आकड्याने होते, तीच गाडीला लागते. आकडा द्यायला विसरलात तर भिंतीतूनही गाडी आरपार जाते.

झाडं मात्र फुकट मिळत नाहीत. सेकंदाला ६० चित्रं हवीत म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. संगणक प्रत्येक आकार छोट्या त्रिकोणांनी बनवतो, आणि पान न् पान कोरलेलं झाड असे हजारो त्रिकोण खातं. म्हणून लांबचं झाड म्हणजे फुलीसारखे उभे केलेले दोन पुठ्ठे, त्यांवर झाडाचं चित्र: अवघे चार त्रिकोण. ताशी १८०ने जाणारा कोण थांबून बघणार?

माझी फजिती झाली ती दुसरीकडेच. मूळ गवतावर मी नांगरलेल्या शेताचा एक तुकडा २ सेंटीमीटर वर ठेवला. जवळून झकास. लांबून बघितलं तर गवत आणि माती एकमेकांतून तडतडत होती. दोन पृष्ठभागांपैकी पुढे कोण हे संगणक खोलीच्या, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या, नोंदीवरून ठरवतो. २४ बिटांच्या नोंदीत सुमारे १ कोटी ६८ लाख पायऱ्या असतात, पण नेहमीच्या पद्धतीत त्यांतल्या बहुतेक कॅमेऱ्याजवळच दाटलेल्या. दृश्याची जवळची हद्द (तिच्या अलीकडचं काहीच दिसत नाही) १० सेंटीमीटरवर असेल तर १० मीटरवर एक पायरी ०.०६ मिलिमीटरची, तर १ किलोमीटरवर तब्बल ६० सेंटीमीटरची. माझे २ सेंटीमीटर दीडदोनशे मीटरपुढे बिनकामाचे!

जवळची हद्द १ मीटरवर नेली की लांबची पायरी ६ सेंटीमीटरवर येते, पण मग चालकाच्या समोरचं स्टिअरिंगच गायब होतं. शेवटी सपाट तुकडा मी काढून टाकला आणि त्या जागी बांध घातला, तोही तिरक्या उताराचा, पाया जमिनीत चांगला मीटरभर खुपसलेला. दोन पृष्ठभाग समांतर न राहता एकमेकांना छेदून गेले की तडतड उरते ती फक्त छेदरेषेपुरती, आणि तिथे मी गवताचे झुबके लावले.